भंगारवाल्याला दिली म्हणजे गाडी नावावरून गेली का?

तुम्ही विचारलंय, वडिलांची वीस वर्षांची स्कूटर अंगणात पडून आहे, भंगारवाला दोन हजार देतोय, तर आरटीओत नोंदणी रद्द करायलाच हवी का? हवीच. यात दुसरं मत असूच शकत नाही.

आमच्या नानांची चेतक स्कूटर होती, एमएच-१० पासिंगची. मी पुण्यात असताना मोठ्या दादाने ती परस्पर भंगारवाल्याला दिली, तीही नंबर प्लेटसकट. आरसी बुक कपाटातच राहिलं. मी विचारलं तर म्हणाला, "लोखंड होतं, लोखंडात गेलं. कागद कोण बघतंय?" नाना काही बोलले नाहीत.

दोन वर्षांनी हवालदार दारात. आमच्या नंबरची गाडी एका भाजीवाल्या मावशींना धडक देऊन पळाली होती. नाना तेव्हा ७६ वर्षांचे, झेडपीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ठाण्यात विचारलं, गाडी कुठंय? भंगारात दिली. पावती? पावती कुठली असणार! तीन तास ते बाकावर हातात पिशवी धरून बसले होते, मी शेजारी. कॅमेऱ्याच्या फोटोत काळी मोटारसायकल स्पष्ट दिसत होती, म्हणून निभावलं. तरी चार खेपा झाल्या, आणि त्याच नंबरवरची तीन ई-चलनं निघाली ती वेगळीच. मावशी बऱ्या झाल्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. पण नाना पुढे महिनाभर संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर गेले नाहीत. ते मी विसरू शकत नाही.

दादा आजही म्हणतो, शेवटी काही झालं नाही ना? झालं असतं तर? मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५५ सांगतं की गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची. आणि गाडी विकून टाकली तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. कागदच बघतात, दादा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात गाडी द्या. २०२१ च्या नियमांपासून ही सोय आहे. तिथून गाडी जमा केल्याचं 'ठेव प्रमाणपत्र' मिळतं, ते नवी गाडी घेताना करसवलतीला चालतं. गाडी तोडल्याचं प्रमाणपत्रही मिळतं. नंतर सरकारच्या 'वाहन' या पोर्टलवर स्वतः नंबर टाकून नोंदणी रद्द दिसतेय का ते बघा. केंद्रवाल्याच्या तोंडी शब्दावर घरी येऊ नका. भंगारवाला हजार-पाचशे जास्त देत असेल, तरी नको.

हो, एक राहिलं. थकलेली चलनं आधी भरावी लागतील. गाडीवर कधी कर्ज होतं आणि बोजा अजून आरसीवर असेल, तर बँकेकडून कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ घेऊन तो बोजा उतरवा. वडील हयात नसतील तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्या, त्याला बाकीच्या भावंडांची संमती लागते. तेव्हा भावंडांना आजच फोन करा, आणि तोवर भंगारवाल्याला अंगणात पाऊल टाकू देऊ नका.