वाचकांचे प्रश्न : पटकीचा जंतू सापडण्याआधी लंडन सावरले कसे?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या वाडीच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. त्या वेळी आलेल्या आरोग्यसेवकांनी सांगितले की, लंडनमध्ये एका डॉक्टरने पंपाचा दांडा काढायला लावला आणि पटकी (कॉलरा) थांबली. पटकीचा जंतू तर पुढे कितीतरी वर्षांनी माहीत झाला. मग ही गोष्ट खरी मानावी का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : गोष्ट खरी आहे, परंतु सांगता सांगता तिचा सर्वांत मोलाचा भाग गळून गेला आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकी भडकली आणि सुमारे दहा दिवसांत पाचशेच्या आसपास माणसे दगावली. दुर्गंधीने दूषित झालेल्या हवेतून पटकी पसरते, असे त्या काळच्या बहुसंख्य डॉक्टरांचे ठाम मत होते. डॉ. जॉन स्नो यांना ते मान्य नव्हते. हा रोग फुप्फुसांना नव्हे तर आतड्यांना धरतो, म्हणून त्याचे कारण तोंडावाटेच पोटात जात असले पाहिजे, असे त्यांनी १८४९ मध्येच लिहून ठेवले होते.

सोहोमध्ये त्यांनी मृतांचे पत्ते मिळवले आणि घरोघर जाऊन कोण कुठले पाणी पीत होते याची चौकशी केली. बहुतेक मृत्यू एका सार्वजनिक पंपाभोवती झाले होते. मात्र जवळच्याच बिअरच्या कारखान्यातील कामगार वाचले होते, कारण त्यांना प्यायला बिअर मिळे आणि कारखान्याची स्वतःची विहीरही होती. उलट कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मरण पावली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडत असे आणि ते पाणी ती गाडीने मुद्दाम मागवून घेत असे. मला स्वतःला हा पुरावा सर्वांत बिनतोड वाटतो, कारण सोहोची हवा हॅम्पस्टेडला पोहोचली नव्हती, पाणी मात्र पोहोचले होते.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. तोवर लोक घरे सोडून पळाले होते आणि साथ आधीच ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नमूद केले आहे. तरीही दांडा काढणे व्यर्थ गेले नाही, हे पुढे हेन्री व्हाइटहेड या स्थानिक धर्मोपदेशकाच्या तपासातून दिसून आले. स्नो यांचे म्हणणे खोडून काढावे म्हणून व्हाइटहेड कामाला लागले होते, आणि पुराव्यांपुढे त्यांचेच मत बदलले. पंपासमोरच्या घरातील एक तान्हे मूल साथीच्या आरंभी आजारी पडले होते. त्याची आई मळलेली लंगोटी ज्या पाण्यात धूत असे, ते पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतले जाई. खड्ड्याचे विटांचे बांधकाम खचलेले होते आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्याही आत होती. दांडा काढला त्याच दिवशी त्या मुलाच्या वडिलांना पटकी झाली, म्हणजे खड्ड्यात पुन्हा विष जाणार होते, परंतु आता ते पाणी कोणी पिणार नव्हते.

स्नो यांचे याहून मोठे काम दक्षिण लंडनमधले आहे, आणि त्याची आठवण फार कमी लोक काढतात. तेथे एकाच रस्त्यावर, शेजारशेजारच्या घरांना दोन वेगळ्या कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलण्याची जागा थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीपलीकडे नेली होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातलेच गढूळ पाणी देत होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे पहिल्या कंपनीच्या ग्राहकांत ३७ मृत्यू झाले, तर दुसरीच्या ग्राहकांत ३१५. हवा तीच, वस्ती तीच, फरक तेवढा पाण्याचा. ही तुलना करता आली, कारण १८३७ पासून इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद होत होती आणि त्या कचेरीतील विल्यम फार यांनी मृतांचे पत्ते स्नो यांना पुरवले. ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीकडे आपण केवळ दाखल्यापुरते पाहतो. साथ ओळखण्याचे ते पहिले साधन आहे.

तरीही सत्ताधाऱ्यांना पाण्याचे म्हणणे पटले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला असह्य दुर्गंधी सुटली आणि नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात, भिजवलेले पडदे टांगावे लागले, तेव्हा कुठे मैलावाहिन्यांसाठी पैसा मंजूर झाला. स्नो त्याच जूनमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी ८२ मैल लांबीच्या मुख्य मैलावाहिन्या बांधून शहराची घाण पूर्वेकडे नेऊन सोडली. दुर्गंधी घालवणे हाच हेतू असला तरी पाणीही सुधारले. १८६६ मध्ये लंडनमध्ये पटकी शेवटची मोठ्या प्रमाणावर पसरली, ती मुख्यतः ईस्ट एंडमध्ये, जेथे नव्या मैलावाहिन्यांचे काम पुरे झाले नव्हते. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूची खात्री पटवली ती १८८४ मध्ये.

प्रश्न : म्हणजे ब्रिटनच्या आरोग्यसुधारणेत डॉक्टरांचा आणि औषधांचा वाटा नगण्य होता, असे समजावे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नगण्य म्हणणे अन्यायाचे ठरेल. देवीची लस १७९६ मधली आहे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या एका मुलीला ती टोचली गेली आणि १८५३ मध्ये इंग्लंडने ती तान्ह्या मुलांना सक्तीची केली. ग्लासगोला शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून कार्बोलिक ॲसिड वापरून शस्त्रक्रियेच्या जखमा कुजणे आटोक्यात आणले. मात्र क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष १९४८ मध्ये छापले गेले, आणि क्षयाचे मृत्यू त्याच्या कित्येक दशके आधीपासून घटत आले होते. ते श्रेय सकस अन्नाचे, चांगल्या घरांचे की नगरपालिकांच्या कामाचे, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे.

प्रश्न : घराच्या नव्या शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून वीस फुटांवर घ्यायचे ठरले आहे. मधे जांभ्याचा कातळ असल्याने धोका नाही, असे गवंडी सांगतात.
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : कृपया तेथे खड्डा घेऊ नका. जांभा कठीण असला तरी सच्छिद्र असतो. त्यातील पोकळ्या आणि भेगांतून पाणी वाट काढते, म्हणून तर पावसाला जोर येताच आपल्या विहिरी भरभर चढतात. माती जसे पाणी गाळते तसे हा दगड गाळत नाही. सर्वसाधारण जमिनीतही निदान पन्नास फूट अंतर सांगितले जाते. जांभ्यात त्याहून जास्त ठेवावे आणि खड्डा विहिरीच्या उताराकडच्या अंगाला घ्यावा.

टीसीएल हा या अंतराला पर्याय नाही. पाण्यात नियमित क्लोरीन सोडण्याचा मार्ग ब्रिटनमध्ये १९०५ साली लिंकन शहरात विषमज्वराच्या साथीत डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी रूढ केला, तोही दूषित झालेला पाणीपुरवठा सावरण्यासाठी. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते, पण पाणी गढूळ असेल तर अधिक. ती कोरडी विहिरीत फेकू नये. बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीतून विहिरीत सोडून ती वरखाली हलवावी आणि निदान एक तास पाणी काढू नये. तासाभरानंतर ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणाऱ्या चाचणीत, पाण्याचा नमुना पिवळसर झाला नाही, तर मात्रा कमी पडली असे समजून पुन्हा टाकावी.