पोरीशी अबोला धरून करिअर ठरत नाही

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र: ‘मुलगी जळगावला केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. 74 टक्के. वायूंच्या मिश्रणाची समीकरणं सोडवत बसते, त्यातच संशोधन करायचं म्हणते. हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं. तिला बँकेची परीक्षा पटवून द्या. महिनाभर मी तिच्याशी बोललेलो नाही.’

भाऊ, टक्के ठीक आहेत. मी अडकलो तो शेवटच्या वाक्याशी. महिनाभर! केळीचा भाव पडला म्हणून तुम्ही व्यापाऱ्याशी बोलणं टाकता का? उलट दिवसातून चारदा फोन लावता. पोरीनं तर नुसतं ‘शिकायचंय’ म्हटलं. तुमच्या अबोल्याला घाबरून ती परीक्षेला बसेलही. पण अभ्यासाला मन कुठून आणेल?

आता सॉफ्टवेअरचं. कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही; हे त्याचं क्रांतिक तापमान. (रावेरच्या एप्रिलमध्ये 31 म्हणजे गारवाच!) इथेनचं 32. दोन्ही एकत्र केले तर साडेएकतीस येईल, असं तुम्हीआम्ही म्हणू. पण ठरावीक प्रमाणात मिसळल्यावर ते विसाच्याही खाली उतरतं. वायूचा दाब, तापमान आणि घनता यांचं नातं सांगणारं 1976 चं पेंग-रॉबिन्सन समीकरण आजही सॉफ्टवेअरमध्ये चालतं, पण या दोन वायूंचं आपसात कसं जमतं याचा आकडा प्रयोगावरून काढून त्याला द्यावा लागतो. तो चुकला तरी सॉफ्टवेअर उत्तर देतंच, चुकीचं. आणि आकडा बरोबर असला तरी क्रांतिक बिंदूच्या (जिथं वायू आणि द्रव यांतला फरकच मिटतो) अगदी जवळ असली साधी समीकरणं घनता नीट सांगत नाहीत. नैसर्गिक वायूची पाइपलाइन असो की दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं काढलेला हळदीचा अर्क, हे ओळखणारा माणूस लागतोच.

तिलाही गोड बोलणार नाही. या कामाच्या जागा थोड्या, त्याही रावेरात नाहीत. नुसती समीकरणं पुरणार नाहीत, प्रोग्रॅमिंग पक्कं हवं. गेट, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, तिसऱ्या वर्षापासून देता येते; बँकेची परीक्षा पदवीनंतर तिशीपर्यंत आहेच.

तिला पटवायचं काम मी घेत नाही. पुढचं पत्र तिनं लिहावं: कोणतं मिश्रण घेतलंय, आणि तिचं उत्तर प्रयोगापेक्षा किती अंशांनी चुकलं. तोवर शनिवारी ती आली की तुम्ही स्वतः विचारा, ‘साडेएकतीस का येत नाही गं?’