आधी पोरांना विचारा, पण हॉर्न वाजत असताना नको

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची. खाली व्हॅन हॉर्न देते तेव्हा हिच्या एका पायात मोजा, दुसरा हातात. मलाही लोकल गाठायची असते. ओरडल्याशिवाय आवरतच नाही. (डोंबिवली)

उत्तर : त्या क्षणी मोजा तुम्हीच चढवा आणि तिला व्हॅनमध्ये बसवा. घाईत तोडगा निघत नाही. संध्याकाळी तिचं पोट भरलेलं असताना विचारा, "सकाळी तुला सगळ्यात नकोसं काय वाटतं गं?" आणि गप्प बसा. आपल्याला हेच जमत नाही! कारण बरेचदा साधं निघतं: मोज्याची शिवण बोटांना टोचते, वेणी घालताना केस ओढले जातात. मग तुमची अडचणही सांगा: "व्हॅनवाले काका थांबत नाहीत, माझीही गाडी चुकते. काय करू या?" ती म्हणाली, "मोजे उलटे घालू," तर घालू द्या. शिवण बाहेर राहते, बिघडत काहीच नाही. जमलं नाही तर पुन्हा बसून बोला. आणि "पाच मिनिटांत आवर" सोडा. या वयाला पाच मिनिटं कळत नाहीत, "हे गाणं संपेपर्यंत" कळतं.

प्रश्न : सात आणि चार वर्षांची भावंडं टॅबवरून रोज भांडतात. न्याय कसा करू? (नाशिक)

उत्तर : न्यायाधीश होऊ नका. टॅब बाजूला ठेवा, दोघं शांत झाली की एकेकाचं ऐका. धाकटीला बाजू मांडता येत नाही, तिच्या वतीने तुम्ही बोला. पाळी कशी लावायची ते त्यांना ठरवू द्या. किती वेळ बघायचं हे मात्र तुम्हीच ठरवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १ तास, कमी असेल तर उत्तमच.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, पोराटोरांना काय विचारायचं? डोक्यावर बसतील. नातू अडीच वर्षांचा आहे. (सातारा)

उत्तर : सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. रस्ता ओलांडताना हात धरणं, गॅसपासून लांब राहणं, औषध घेणं, यात विचारणा नाही. बाकी मुलाला विचारणं हे काही नवं खूळ नव्हे. मुलाच्या मनाचा मान राखा, हे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी आपल्याकडे केव्हाच सांगितलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला तो त्याच विचारातून. मात्र अडीच वर्षांच्या मुलाला तोडगा सुचत नाही. त्याला दोनच पर्याय द्या: "दात आधी घासायचे की आंघोळ आधी?" दोन्ही चालणार असतील तरच विचारा.