वडीलपद स्वीकारण्याआधी

प्रिय,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मंडळीच्या वडीलपदासाठी, म्हणजे चर्चच्या लोकांची देखरेख करणाऱ्या पुढाऱ्याच्या पदासाठी, तुझं नाव पुढे आलंय, आणि "मला एवढं सगळं झेपेल का?" असं विचारलंयस. खरं सांगू, त्यातला 'सगळं' हा शब्दच मला खटकला. सगळं तुझ्या एकट्यावर येणार असेल, तर ते तुला झेपूच नये.

मी नवा वडील होतो तेव्हा चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे, अर्पणाची वही माझ्याकडे, गीतं मी निवडायची, आजाऱ्यांना भेटायला मीच जायचं. लोक कौतुक करायचे आणि ते मला आवडायचंही. मग तापाने अंथरूण धरलं. त्या रविवारी प्रभुभोजनाचे पेले कुठल्या कपाटात आहेत, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दोष त्यांचा नव्हता. वर्षानुवर्षं चर्चला येणारी माणसं मीच पाहुणी करून ठेवली होती.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा ६ वा अध्याय निवांत वाच. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवांकडे दुर्लक्ष होत होतं आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली. येशूच्या बारा प्रेषितांनी ती दडपली नाही, पण वाटपाचं काम स्वतःच्या अंगावरही घेतलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावून ते म्हणाले, तुमच्यातलेच सात जण निवडा. स्तेफन, फिलिप्प आणि पुढची पाच, सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांवर मंडळीने भरवसा टाकला. निवड लोकांची, हात ठेवून प्रार्थना प्रेषितांची. हा प्रसंग वाचताना मला आजही भरून येतं.

इफिसकरांच्या पत्रात, ४ थ्या अध्यायात, पाळक आणि शिक्षक कशासाठी दिलेत ते स्पष्ट आहे: पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला. सेवा करायची ती पवित्र जनांनी, म्हणजे बाकांवर बसलेल्या आपल्या सगळ्यांनी. पुष्कळ ठिकाणी नेमकं उलटं होतं. पाळक राबतात आणि मंडळी त्यांच्या उपदेशाला गुण देते. याचं मला मनापासून दुःख होतं.

पैशाच्या बाबतीत मात्र भिडेखातर गप्प बसू नकोस. अर्पण दोघांनी मिळून, त्याच दिवशी मोजायचं आणि वहीत दोघांनी सही करायची. यात अविश्वास कुणावरच नाही. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेल्या देणगीबाबत प्रेषित पौलानेही सोबत इतर भाऊ ठेवले, कुणी दोष लावू नये म्हणून. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, ८ व्या अध्यायात आहे ते.

आणि तुझ्यापेक्षा वयाने मोठी माणसं तुझं ऐकतील का, ही तुझी भीती. काही जण सुरुवातीला नाही ऐकणार. त्या बारांमधला पेत्र आपल्या पहिल्या पत्रात स्वतःला 'सोबतीचा वडील' म्हणवतो आणि कळपावर धनीपण करू नका, असं बजावतो. तेवढं सांभाळ. त्यांच्या घरी जा, त्यांच्यासोबत प्रार्थना कर. वेळ लागेल.

उपासना संपल्यावर कुणी न सांगता खुर्च्या रचून ठेवणाऱ्या मुलाबद्दल तू लिहिलंयस. किल्ल्यांचा दुसरा जुडगा त्याच्याकडे देऊन बघ. आधी त्याला विचार, आणि तो काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
काका