‘तुमच्या घरात अडथळा आहे’

प्रार्थना ऐकली जात नाही, नक्की काहीतरी अडथळा आहे. ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत फार. बहुतेकांना तो अडथळा कुणीतरी आधीच दाखवूनही दिलेला असतो.

भुसावळचं हे जोडपं त्यातलंच. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) नवरा रेल्वेत, लग्नाला सात वर्षं, मूल नाही. घरी प्रार्थनेला आलेल्या एकाने सांगून टाकलं, "बहिणीच्या जीवनात कबूल न केलेलं पाप आहे." बहीण म्हणजे त्या घरातली बायको. तेव्हापासून दर शुक्रवारी उपास तिने धरायचा आणि पापही तिनेच आठवायचं. शाळेत मैत्रिणीची पट्टी परत दिली नव्हती, तेसुद्धा कबूल करून झालं होतं.

मी तिला काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. शेवटी म्हटलं, "दादा, ताईंना बोलू द्या." ती एवढंच म्हणाली, "मनी काय चूक शे?" (माझी काय चूक आहे?)

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, अडथळ्यांबद्दल बोलतं, हे खरंच. यशया 59:2 मध्ये पाप आहे, याकोब 4:3 मध्ये वाईट हेतू, मार्क 11:25 मध्ये क्षमा न करणं. पण नवऱ्याला मी 1 पेत्र 3:7 मोठ्याने वाचायला लावलं. पत्नीला मान द्या, कृपेच्या जीवनाची तीही तुमच्यासोबत वारस आहे, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. हे वचन नवऱ्यांसाठी आहे. तो मध्येच थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

मग लूकचा पहिला अध्याय काढला. जखऱ्या आणि त्याची बायको अलीशिबा, दोघंही देवापुढे नीतिमान, हे सहावं वचन. त्यांना मूल नव्हतं, हे सातवं. दोन्ही वचनं शेजारी शेजारी असूनही मूल नसलेल्या बाईत पाप शोधत फिरणाऱ्यांना ती दिसत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

डॉक्टरी तपासण्या? तिच्या सगळ्या झालेल्या, त्याची एकही नाही. जळगावला त्याची वीर्यतपासणी झाली, शुक्राणू कमी निघाले. घाबरून त्याचा फोन आला, "म्हणजे पाप माझ्यात होतं?"

म्हटलं, "रिपोर्टात पाप दिसत नसतं. शुक्राणू कमी असणं ही शरीराची तक्रार आहे, त्यासाठी डॉक्टर आहेत. इतकी वर्षं बायकोला गुन्हेगार ठरवलंत, त्याची क्षमा मात्र तिच्याकडे मागा."

मागितली, असं नंतर ताईंनीच सांगितलं. शुक्रवारचा उपास त्यांनी सोडलाय. उपचार चालू आहेत, मूल अजून नाही.