ड्रॉइंगवरची वेल्डिंगची चिन्हं नेमकी कशी वाचायची?

तुमचं म्हणणं असं, की आयटीआय झालंय, फॅब्रिकेशनमध्ये लागलात, चिन्हांचा तक्ता पाठ आहे, तरी त्रिकोण एका ड्रॉइंगवर रेषेच्या वर आणि दुसऱ्यावर खाली दिसला की गोंधळ उडतो. उडणारच. तक्ता एका पद्धतीचा असतो आणि शॉपवर ड्रॉइंगं येतात दोन पद्धतींची. मी भोसरीत क्वालिटीत काम करतो. आमच्याकडे अमेरिकन गिऱ्हाइकाचा जॉब आणि जर्मन गिऱ्हाइकाचा जॉब शेजारीशेजारी चालतो. म्हणून चिन्हाआधी टायटल ब्लॉक आणि नोट्स बघा. तिथे एडब्ल्यूएस ए२.४ (अमेरिकन स्टँडर्ड) लिहिलंय की आयएसओ २५५३ (आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड), हे कळेपर्यंत टॅकसुद्धा, म्हणजे प्लेटा धरून ठेवणारा तात्पुरता ठिपकाही, मारू नका.

सांगाडा दोन्हीकडे सारखाच: आडवी रेषा, सांध्याकडे जाणारा बाण, आणि गरज असेल तर मागे शेपूट. फरक पडतो बाजूचा. अमेरिकन पद्धतीत चिन्ह रेषेच्या खाली असेल तर वेल्ड बाणाच्या बाजूला, वर असेल तर पलीकडच्या बाजूला, दोन्हीकडे असेल तर दोन्हीकडून. युरोपातल्या ड्रॉइंगांवर बहुतेक वेळा आयएसओची 'ए' पद्धत असते. तिच्यात एक सलग आणि एक तुटक अशा दोन समांतर रेषा येतात. सलग रेषेवरचं चिन्ह म्हणजे बाणाची बाजू, तुटक रेषेवरचं म्हणजे पलीकडची. तुटक रेष वर असो की खाली, अर्थ बदलत नाही. (आयएसओतच एक 'बी' पद्धतही आहे, ती बाजूंच्या बाबतीत अमेरिकनसारखी वाचायची.) फिलेटच्या, म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरायच्या वेल्डच्या, त्रिकोणाची उभी कड मात्र कायम डावीकडेच असते. ती कुठल्या प्लेटकडे आहे यावरून काही ठरवू नका.

'पलीकडची बाजू' म्हणजे त्याच सांध्याची पलीकडची बाजू. बेस प्लेटवर दोन स्टिफनर (मजबुतीसाठी लावलेल्या पट्ट्या) उभे आहेत आणि बाण पहिल्यावर आहे, तर पलीकडची बाजू म्हणजे पहिल्याच स्टिफनरची मागची बाजू. दुसऱ्या स्टिफनरचा त्या चिन्हाशी काही संबंध नाही. नवीन पोरं इथे हमखास दुसरा स्टिफनर वेल्ड करून मोकळी होतात.

आता आकडे. चिन्हाच्या डावीकडे साइझ, उजवीकडे लांबी. अमेरिकन ड्रॉइंगवर फिलेटच्या डावीकडे नुसता ६ असेल तर तो लेग, म्हणजे प्लेटवर मोजायची कड. आयएसओ 'ए' मध्ये आकड्याआधी अक्षर येतं: झेड ६ म्हणजे लेग ६, पण ए ६ म्हणजे थ्रोट ६, थ्रोट म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची सरळ जाडी. समान लेगच्या फिलेटचा थ्रोट लेगच्या साधारण ०.७ पट. म्हणजे ए ६ साठी लेग लागतो जवळपास ८.५. तिथे तुम्ही ६ चा लेग मारलात तर थ्रोट मिळतो ४.२. वेल्ड दिसायला चकाचक, आणि गेज लावला की रिजेक्ट. उलटं झालं, झेड ६ ला ८.५ मारला, तर ताकद कमी पडत नाही, पण मेटल दुप्पट जातं, कारण छेदाचं क्षेत्रफळ लेगच्या वर्गाने वाढतं. वर पातळ प्लेट ओढली जाऊन वाकते ते वेगळंच. 'जास्त मारलं तर काय बिघडतं' म्हणणाऱ्यांना ती वाकलेली प्लेट सरळ करायला बसवावं असं मला नेहमी वाटतं.

तुटक वेल्डमध्येही हाच सापळा आहे. अमेरिकन ५०-१५० म्हणजे ५० मिमीचा तुकडा, आणि एका तुकड्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत १५०. मधली मोकळी जागा १०० उरते. आयएसओ 'ए' मध्ये ३×५० (१५०) असेल तर तीन तुकडे, आणि कंसातला १५० हीच मोकळी जागा. पहिल्यात तीन तुकडे ३५० मिमीत बसतात, दुसऱ्यात ४५० लागतात.

बाकीचं सोपं आहे. बाण रेषेला मिळतो तिथे गोल असेल तर सांध्याभोवती पूर्ण फिरून वेल्ड. झेंडा असेल तर ते काम साइटवरचं. ते शॉपमध्येच उरकलंत तर जॉब ट्रेलरवर चढणार नाही, इतकंच. बाण मध्येच मोडलेला दिसला तर बेव्हल, म्हणजे कडेचा तिरका काप, एकाच प्लेटला करायचा आहे, आणि बाणाचं टोक जिच्याकडे आहे तीच प्लेट ग्राइंडरखाली घ्यायची.

काही ड्रॉइंगांवर स्टँडर्ड लिहिलेलंच नसतं. मग खुणा शोधा. तुटक रेष दिसली, साइझच्या आधी ए किंवा झेड दिसलं, शेपटीत १११, १३५, १४१ असे प्रोसेसचे नंबर दिसले, तर आयएसओ समजायला हरकत नाही. शेपटीत एसएमएडब्ल्यू, जीएमएडब्ल्यू अशी प्रोसेसची अक्षरं असतील तर बहुधा अमेरिकन. तरी हा अंदाजच. सुपरवायझरला सांगून डिझाइनवाल्यांकडे लेखी विचारणा पाठवा, फोनवर 'हो हो, लेगच' ऐकून वेल्ड मारू नका. उत्तर आलं की तो कागद त्याच ड्रॉइंगला जोडून ठेवा, कारण पुढच्या शिफ्टचा वेल्डर हाच प्रश्न पुन्हा विचारणार आहे.