पेन्शन तुमची, नोकरी तिची

(विक्रोळीच्या एका निवृत्त शासकीय लिपिकांचं पत्र. मुलगी 26 वर्षांची, बी.कॉम. मुंबईतल्या सरकारी कार्यालयात तीन वर्षं कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर, पगार 14 हजार. ऐरोलीच्या कंपनीत अकाउंट्सची नोकरी चालून आली आहे. वडील म्हणतात, 'दहा वर्षं चिकटून राहिली की कायम होईल, पेन्शन लागेल. तिला समजवा.')

नमस्कार,

तुमच्या पत्रात तुमची पेन्शन आहे, नातेवाइकांनी आणलेली स्थळं आहेत. मुलीला काय वाटतं, याबद्दल फक्त 'तिला काय कळतंय' एवढंच. घरखर्चाला हातभार लावणाऱ्या मुलीबद्दल हे वाक्य खटकलं. तिने राजीनामा लिहिला तेव्हा तुम्ही जेवण सोडलंत, ते त्याहून जास्त. उपोषणाने कधीमधी मंत्रालय हलतं. मुलीचं करिअर नाही घडत.

आता पेन्शनचं. तुम्ही 1983 मध्ये हंगामी लागलात, पुढे कायम झालात आणि 1982 च्या पेन्शन नियमांनुसार तुमची हंगामी वर्षंही सेवेत धरली गेली. पण तुम्हाला सरकारने नेमलं होतं. मुलगी सरकारची हंगामी कर्मचारीसुद्धा नाही. तुम्हीच जोडलेली ऑर्डर पाहा: लेटरहेड एजन्सीचं, मुदत 11 महिने, मग एका दिवसाचा तांत्रिक खंड, आणि 'नियमित सेवेचा कोणताही हक्क सांगता येणार नाही' या अटीखाली तिची सही. दहा वर्षांची गोष्ट बहुधा सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालातून पसरली असावी. कंत्राटी-हंगामी लोकांना कायम करण्याची ती सवलत एकदाच द्यायची होती, तीही मंजूर पदांवर तोवर दहा वर्षं काढलेल्यांना. नंतरही काहींना कोर्टातून न्याय मिळाला, नाही असं नाही. पण कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या ठरवून कोणी नोकरी धरतं का?

समजा, उद्या ती कायम झाली. तरी 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू होणाऱ्यांना तुमच्यासारखी जुनी पेन्शन लागू नाही. स्वतःच्या पगारातले 10 टक्के कापून जायचे, सरकारने 14 टक्के घालायचे, असा कारभार आहे. मार्च 2023 मध्ये कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले ते उगाच नाही.

सरकारी नोकरी तिलाच हवी असेल, तर सरळसेवा, एमपीएससी, बँका आहेत. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 आहे आणि अभ्यास ऐरोलीची नोकरी सांभाळूनही होतो. हवी आहे का, हे मात्र तिला विचारा. माझं मत, तिने ऐरोलीला जावं.

जाण्याआधी एजन्सीने पीएफ खरंच भरलाय का, ते यूएएन (तिचा पीएफ क्रमांक) टाकून ऑनलाइन पासबुकात तपासा. कापला पण भरला नसेल, तर भविष्य निधी कार्यालयात तक्रार करा. भरला असेल तर काढू नका, नव्या खात्यात वळवून घ्या. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि तिथे तिची ही तीन वर्षं धरली जातात.